समोरच्या बाजूच्या मॅडम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई जाऊन तीन आठवडे झाले. पस्तीस-चाळीस वर्षं ती पुण्यात घटस्फोटाच्या केसेस चालवत होती. पुढच्या महिन्यात सभा आहे आणि चार-आठ पानांची स्मरणपुस्तिका काढायची आहे. मामा म्हणतात, ‘घटस्फोटाची वकील’ असं छापू नकोस, ‘कौटुंबिक सल्लागार’ लिही. जुन्या अशिलांचे फोन येताहेत, त्यातल्या दोघीतिघी म्हणतात, आमची गोष्ट लिहा. ऑफिसात दोन कपाटं भरून फायली आहेत आणि ड्रॉवरभर लाल-निळ्या पेन्सिली, सगळ्यांची लाल बाजू झिजून गेलेली. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘घरी ती कामाबद्दल अक्षर काढायची नाही. दुसरीतल्या माझ्या गॅदरिंगला आली नव्हती, ते मात्र अजून आठवतं. आता तिच्याबद्दल लिहायचं तरी काय?’

आईचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. मी पेन्सिलींवरून ओळखलं. मीही नाव लिहीत नाही. कोर्टात आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो, इथंही तेच म्हणतो. मी त्यांचा ज्युनिअर नव्हतो, आणि मित्र म्हणावं इतकं येणंजाणंही नव्हतं. सत्तावीस वर्षं मी बहुतेक वेळा त्यांच्या समोरच्या बाजूला उभा असायचो. त्यांच्याकडे बायकांची कामं जास्त, माझ्याकडे नवऱ्यांची. कुणी ठरवलं नव्हतं, तशी कामं येत गेली.

आधी फायलींचं सांगतो. सभा महिन्यावर आहे, पण कोर्टाच्या तारखा उद्याच्याही असतील.

वकील गेला की त्याचं वकीलपत्र तिथंच संपतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या ऑर्डरमध्ये ते स्पष्ट आहे. वकीलपत्रावर ज्युनिअरचीही सही असेल तर तिला काम चालू ठेवता येतं, पण तरीही अशिलाला एकदा विचारून नवं घेतलेलं बरं. म्हणून मॅडमची डायरी उघडा, पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा कागदावर उतरवा आणि प्रत्येक अशिलाला फोन करा. फोन शक्यतो त्यांच्या ज्युनिअरनं करावा. ज्याचे कागद त्याचे. लग्नाचा दाखला, दागिन्यांच्या पावत्या, मूळ फोटो, मुलांच्या शाळेचे कागद हे सगळं पोच घेऊन परत द्या. मागच्या फीचा हिशोब राहिला म्हणून फाईल अडवून ठेवू नका. मॅडमनी कधी अडवली नाही. त्यांच्याकडून काढून माझ्याकडे आलेल्या दोन-तीन अशिलांच्या फायली मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिळाल्या होत्या, वर ना हरकत लिहून.

निकाल लागलेल्या जुन्या फायली रद्दीवाल्याला देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. तीस वर्षांपूर्वी एका गाडीवर भेळ खाताना माझ्या हातातला कागद कुणाच्या तरी प्रतिज्ञापत्राचं तिसरं पान निघालं होतं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आणि खाली जे लिहिलं होतं त्यावर चिंचेची चटणी. ते पान मी घडी घालून खिशात टाकलं आणि घरी जाऊन जाळलं. जुने कागद मशीननं बारीक कापून घ्या, समोर उभं राहून. फोन आणि लॅपटॉपही तसेच. त्यातले मेसेज, रेकॉर्डिंग तुम्ही ऐकू नका, घरातल्या कुणालाही ऐकू देऊ नका. कुतूहल वाटेल, वाटणारच.

मॅडम वकील कल्याण निधीच्या सभासद असतील तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे वारसानं अर्ज करायचा असतो. १९८१ चा कायदा आहे. ते काम ज्युनिअरला माहीत असेल, विसरू मात्र नका.

आता लिहिण्याचं.

अशिलांच्या गोष्टी लिहू नका, त्या स्वतः सांगत असल्या तरी. वकिलाला अशिलानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर सांगता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातही होतं आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. काम संपलं म्हणून ते बंधन संपत नाही. शिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ आहे. या खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होते आणि त्यातला मजकूर छापणं हाच गुन्हा आहे. दंड हजार रुपयेच आहे, पण मुद्दा दंडाचा नाही. एक बाई आज म्हणते, माझी गोष्ट लिहा. त्या गोष्टीत एक नवराही असतो, त्यानं काही म्हटलेलं नसतं. आणि एक मुलगा असतो, तो आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. ज्यांना बोलायचंय त्यांना सभेत स्वतःच्या तोंडानं, स्वतःला हवं तेवढं बोलू द्या. छापायचं नाही.

घरी त्या अक्षर काढायच्या नाहीत, त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे. माझी बायको अजून म्हणते, तुमच्यापेक्षा पोस्टमन जास्त बोलतो. जेवताना फोन आला की उठून गच्चीत जाणं हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येक घरात आहे. बायकांचे फोन रात्री नवाच्या पुढेच येतात. मुलं झोपलेली असतात, सासू सिरियल बघत असते, तेवढीच पंधरा मिनिटं मिळतात.

मामांचं म्हणणं मला समजतं, पण ऐकू नका. ‘कौटुंबिक सल्लागार’ हे मॅडमचं काम नव्हतं. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, तो वेगळा हुद्दा आहे, आणि मॅडमना त्यांच्याबद्दल आदर होता. ‘कित्येक संसार जोडले’ असंही लिहू नका. हे वाक्य घटस्फोटाच्या प्रत्येक वकिलाच्या सभेत कुणीतरी बोलतं, जणू बाकीचं काम लपवण्यासारखं होतं. मॅडमनी काही संसार जोडले असतील. पण त्यांचं मुख्य काम वेगळं करण्याचं होतं, आणि ते त्या नीट करायच्या. हाड मोडून चुकीचं जुळलेलं असेल तर डॉक्टर ते पुन्हा मोडतो, तेव्हा त्याला कुणी हाडमोड्या म्हणत नाही. आपल्या मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच झाला, हिंदू विवाह कायद्याच्या आठ वर्षं आधी. म्हणजे मामांच्या जन्माच्याही आधीची गोष्ट असावी. एवढ्या वर्षांनी तरी तो शब्द छापायला हरकत नाही.

मॅडम वकिलीत आल्या तेव्हा पुण्यात कौटुंबिक न्यायालय नव्हतं. ही कामं शिवाजीनगरला दिवाणी न्यायाधीशांपुढे चालायची, शेतीच्या बांधाचे आणि भाडेकरूंचे दावे चालतात त्याच बोर्डावर. बाई साक्षीला उभी राहायची तेव्हा मागच्या बाकावर पुढच्या मॅटरची चार माणसं बसलेली असायची. कायदा १९८४ चा, पण पुण्यात कौटुंबिक न्यायालय सुरू झालं १९८९ मध्ये. त्या कायद्याचं कलम १३ आमच्यासाठी विचित्र आहे. तिथं वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. परवानगी बहुधा मिळते, पण कायद्याच्या डोळ्यांसमोर आम्ही तिथं पाहुणे आहोत. माझ्यासारख्यांना त्याचा राग यायचा. मॅडम म्हणायच्या, ‘पाहुण्यासारखं वागायचं. चपला बाहेर काढायच्या, आवाज खाली ठेवायचा.’ २०१७ मध्ये शिवाजीनगरला स्वतंत्र इमारत झाली, आता तर कोर्टाशेजारी मेट्रो उतरते. त्यांनी अर्धी वकिली लूनावर केली. पावसाळ्यात काळ्या कोटावर रेनकोट, आणि फाईल रेनकोटच्या आत. स्वतः भिजल्या तरी चालेल.

आता पेन्सिली. त्याबद्दल तुम्हाला घरात कुणी सांगू शकणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

संमतीनं घटस्फोट घ्यायचा ठरलं की दोन्ही वकील मिळून कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या अटी, तयार करतात. मसुदा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो. मी पाठवलेला मसुदा मॅडमकडून परत आला की त्यावर दोन रंग असायचे. निळ्याचा अर्थ ‘अशिलाला विचारा’. लालचा अर्थ ‘काढा’. निळं दोन-चार ठिकाणी, आणि लाल पानभर.

काय काढायच्या? आरोप. आम्ही वकील सवयीनं लिहितो, ‘पक्षकार क्रमांक दोन हिच्या विक्षिप्त व तापट स्वभावामुळे सहजीवन अशक्य झाल्याने’. त्यावर लाल रेघ आणि समासात बारीक अक्षरात, ‘पटले नाही. पुरे.’ कायद्यालाही तेवढंच पुरतं. १९७६ साली कलम १३-ब आलं, त्यात संमतीच्या अर्जाला कारण सिद्ध करावं लागत नाही. वर्षभर वेगळे राहतोय, एकत्र राहणं शक्य नाही, आणि दोघांनाही मोकळं व्हायचंय, एवढं पुरतं. पण वकिलाला अशिलाचं समाधान करायचं असतं, आणि अशिलाला कुठंतरी लिहून हवं असतं की चूक त्याची होती.

मी एकदा चिडून विचारलं, तुम्हाला काय त्रास होतो त्या दोन ओळींचा? तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हुकूमनाम्याची नक्कल कोण काढणार पंधरा वर्षांनी? पोरगी. पासपोर्टला, नाहीतर लग्न ठरताना. तिनं काय वाचावं असं तुम्हाला वाटतं?’ त्यानंतर मी मसुदा लिहिताना स्वतःच ओळी कमी करायला लागलो. तरी लाल रेघा यायच्याच.

त्या टर्म्समध्ये त्या काय घालायच्या तेही सांगतो, कारण तिथंच त्यांचं आईपण दिसायचं, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. सगळे लिहितात, ‘दिवाळीची निम्मी सुट्टी आईकडे, निम्मी वडिलांकडे’. छान वाटतं. मॅडम निळ्यानं विचारायच्या, ‘भाऊबीज?’ दोन भावंडं असतील तर ओवाळणी कुठल्या घरी? सुट्टीचं निम्मं नेमकं भाऊबिजेच्या सकाळी दहाला संपत असेल तर? मुलाला कुणी आत्या असेल, मामा असेल, त्यांचं काय? पहिल्यांदा मला हा बायकी कीस वाटला होता. मग एका वर्षी माझ्याच एका मॅटरमध्ये भाऊबिजेच्या दिवशी सोसायटीच्या गेटवर मारामारी झाली, पोलीस आले, आणि टर्म्स मी लिहिलेल्या होत्या. त्यानंतर भाऊबीज, गौरी जेवणाचा दिवस, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग हे सगळं मी वेगवेगळ्या कलमांत लिहितो. हो, गॅदरिंगसुद्धा. ‘दोन्ही पालकांनी उपस्थित राहावे, मुलास कोणी आणले हे न पाहता.’ हे वाक्य त्यांचं आहे. तुम्ही गॅदरिंगचं लिहिलंत म्हणून आठवलं.

पुढच्या गोष्टीही त्यांच्याकडूनच शिकलो. पासपोर्टच्या अर्जावर सही करायला कुणी नाही म्हणायचं नाही. शाळेची फी बापानं परस्पर शाळेत भरायची, बाईच्या हातात नाही, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये भांडण नको. एकरकमी पोटगी ठरली तर शेवटचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या मोशनला (संमतीच्या अर्जाच्या दुसऱ्या, शेवटच्या टप्प्याला) न्यायाधीशांसमोर, त्याआधी सही नाही. विम्याचं नॉमिनेशन बदलून घ्यायचं. स्त्रीधनाची यादी वजनासकट. तुम्हाला हे कोरडं वाटेल, पण मला विचाराल तर त्या पुस्तिकेत एक पान असं असावं. कुठल्या केसचं काही न सांगता, फक्त त्या ज्या गोष्टी विसरायच्या नाहीत त्या.

दोन मोशनमध्ये पूर्वी सहा महिने थांबावंच लागायचं. २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती मुदत सक्तीची नाही, योग्य प्रकरणात माफ करता येते. आम्ही सगळे खूश झालो. मॅडम माफीचा अर्ज प्रत्येक वेळी द्यायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, काही बायकांना ते सहा महिने बँकेत खातं उघडायला, भाड्याची खोली शोधायला आणि आईवडिलांना सांगायला लागतात. त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यात लांबते.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल त्या मवाळ होत्या. अजिबात नाही. उलटतपासणीत माझ्या अशिलाला त्यांनी पगार विचारलाय असं मला आठवत नाही. त्या खर्च विचारायच्या. धंदेवाईक माणूस प्रतिज्ञापत्रावर महिन्याचं उत्पन्न अठरा हजार सांगायचा. मॅडम अगदी गोड आवाजात विचारायच्या, गाडी कुठली? पेट्रोल किती लागतं? मुलाचा वाढदिवस कुठल्या हॉलमध्ये केलात? किती पानं उठली? माणूस अभिमानानं सांगत जायचा. त्या पेन्सिलीनं कडेला बेरीज करत जायच्या, आणि शेवटी एकच प्रश्न, ‘म्हणजे बेचाळीस हजार होतात. वरचे चोवीस कुठून येतात?’ मला खाली बघत बसावं लागायचं. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आला, दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देणी सविस्तर लिहून देणं बंधनकारक झालं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायला लागली. त्याआधी ती एकेक तारीख भांडून घ्यावी लागायची. मॅडमनी ती भांडून घेतलेली मी पाहिली आहे, त्यातल्या बऱ्याच माझ्याविरुद्ध.

आणि मारहाणीच्या प्रकरणात त्यांची लाल पेन्सिल पिशवीतच राहायची. तिथं त्या एक ओळ सोडायच्या नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला. त्यातले अर्ज साधारणपणे मॅजिस्ट्रेटकडे जातात, पण कलम २६ प्रमाणे तीच दाद कौटुंबिक न्यायालयातही मागता येते. मॅडमनी ते कलम सुरुवातीपासून वापरलं, बाईला दोन कोर्टांचे जिने चढायला लागू नयेत म्हणून.

या कायद्यावरून आमचं एक भांडण चौदा वर्षं चाललं. पुण्यातल्या निम्म्या प्रकरणांत फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असतो. सून म्हणते, मी इथंच राहणार. मी टेबलावर २००६ चा बत्रा खटल्याचा निकाल ठेवायचो. सासूसासऱ्यांच्या मालकीचं घर हे सुनेचं सामाईक घर नव्हे, असा तो सुप्रीम कोर्टाचा निकाल. मॅडम प्रत्येक वेळी तोच मुद्दा मांडायच्या, कायद्यातली व्याख्या वाचून दाखवायच्या, आणि बहुतेक वेळा हरायच्या. मी एकदा कँटीनमध्ये म्हटलं, मॅडम, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, तुम्ही कशाला दरवेळी? ‘रेकॉर्डवर राहू दे,’ म्हणाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी बत्रा निकाल चूक ठरवला. कोविडचे दिवस होते, कोर्टं धड सुरू नव्हती. मला मॅडमचा मेसेज आला, निकालाची पीडीएफ आणि खाली फक्त एक शब्द: ‘चहा?’

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. मी वर म्हटलं की अशिलांच्या गोष्टी लिहू नका, आणि मीच एक सांगणार आहे. म्हणून त्यातलं साल, वय, व्यवसाय, मुलगा की मुलगी, सगळं काढून टाकलंय. जे उरतं तेवढंच.

ताब्याचं प्रकरण होतं. माझा अशील बाप. साक्षीच्या आदल्या रात्री तो माझ्या ऑफिसात येऊन रडला. त्याच्या आयुष्यात एक गोष्ट घडून गेली होती, तिचा एक कागद होता, आणि तो बायकोकडे होता. त्यात मुलाला धोका असं काही नव्हतं, पण माणसाची मान कायमची खाली जाईल असं होतं. दुसऱ्या दिवशी तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा आणि मॅडमच्या टेबलावर खाकी पाकीट. मी दोन तास त्या पाकिटाकडे बघत बसलो. मॅडमनी शाळा विचारली, डबा कोण करतं विचारलं, मूल आजारी पडलं तर रजा कोण काढतं विचारलं, लसीकरणाच्या तारखा विचारल्या. त्याला एकही सांगता आली नाही. पाकीट उघडलं नाही. ‘आणखी प्रश्न नाहीत’ म्हणून बसल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी गेलो त्यांच्याकडे. काय बोलावं सुचेना. त्याच म्हणाल्या, ‘पुरावा म्हणून निशाणी पडली की कागद जन्मभर रेकॉर्डला. ते मूल दर दुसऱ्या शनिवारी ह्याच माणसाचं बोट धरून सारसबागेत जाणारे.’

हे त्यांनी अशिलाला न विचारता केलं असतं तर मी त्यांना दोष दिला असता. वकील स्वतःच्या चांगुलपणासाठी अशिलाचा पुरावा टाकून देऊ शकत नाही. पुढं तडजोड झाल्यावर ते पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं, तुमच्या अशिलाला परत द्या म्हणून. आत कागदाबरोबर एक चिठ्ठी होती, त्या बाईच्या हस्ताक्षरातली, तारीख टाकून सही केलेली: हा कागद वापरू नये असं मी वकिलांना सांगितलं आहे. त्या बाईला तिथवर आणायला मॅडमना किती संध्याकाळी लागल्या असतील, ते मी धंद्यात असल्यामुळे ओळखू शकतो. गच्चीतल्या त्या फोनांपैकी काही तेच असतील.

तुमच्या आईनं काय मिळवलं हे त्यांच्या अशिलांना माहीत आहे. काय हातात असून वापरलं नाही, हे फक्त समोरच्या वकिलाला कळतं. म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

आता तुमचं. तुम्ही सहा-सात वर्षांच्या असताना तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या का? तेव्हाच्या महिला वकील मुदत मागताना कधीही घरचं कारण देत नसत. ‘दुसऱ्या कोर्टात पार्टहर्ड आहे’, म्हणजे तिथं अर्धवट राहिलेली सुनावणी आहे, असं सांगायच्या, कारण घरचं सांगितलं की पुरुष वकील एकमेकांकडे बघून हसायचे. मॅडमनी अर्जात स्वच्छ लिहिलं, ‘मुलीस कांजिण्या आल्याने घरी थांबणे आवश्यक.’ मी तेव्हा नवा होतो, जोरात होतो. मी त्या अर्जाला हरकत घेतली. साक्षीदार मुंबईहून आलाय म्हणालो. मुदत मिळाली, पण दोनशे रुपये खर्च लादून. पुढच्या तारखेला मॅडमनी दोनशेची पावती फाईलला लावली आणि मला विचारलं, ‘तुमच्याकडे कुणाला आल्यात का? पाण्यात कडुलिंबाचा पाला टाका.’ काही वर्षांनी माझे वडील आयसीयूत होते तेव्हा माझ्या तीन अर्जांवर त्यांचा ‘हरकत नाही’ असा शेरा आहे. तारखा मी अजून सांगू शकतो.

गॅदरिंगची तक्रार पुस्तिकेतून काढू नका. कुणीतरी काका-मामा सांगतील की आई तुमच्यासाठीच कष्ट करत होती, ती ओळ काढ. मी सांगतो, ठेवा. त्या दिवशी त्या कुणाच्या तरी मुलाच्या ताब्यासाठी उभ्या असतील, कदाचित माझ्याच विरुद्ध, आणि तुम्ही स्टेजवरून प्रेक्षकांत बघत होतात. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं भरून निघत नाही. बाकी ‘कोर्टात कणखर, घरी हळवी’ असं काही लिहिणार असाल तर तिथं माझ्या मनात लाल रेघ उमटेल. डबा कुठल्या भाजीचा असायचा, तुमची वेणी घालताना त्या काय गुणगुणायच्या, मे महिन्यात कुठं न्यायच्या, ते लिहा. मे महिन्याचं मी विचारतोय, कारण सुट्टीच्या कोर्टात मी दोनदा तातडीचा अर्ज घेऊन गेलो आणि दोन्ही वेळा त्यांची ज्युनिअर आली. मॅडम पुण्यात नाहीत, एवढंच सांगायची. कुठं असतात हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही.

सभेला मी येईन. मागे बसेन. बोलायला सांगू नका, समोरच्या बाजूनं बोलायची सवय आहे, चुकून हरकत घेईन.

एक काम मात्र आहे. आमचं एक मॅटर अजून चालू आहे, मॅडम अर्जदाराकडून, मी जाबदाराकडून. गेल्या आठवड्यात तारीख होती. पुकारा झाला तेव्हा त्यांच्या अशील एकट्याच पुढे आल्या, हातात कापडी पिशवी. त्यांना कळलेलंच नव्हतं. मी उभा राहून सांगितलं की अर्जदाराच्या वकील हयात नाहीत, नवीन वकील नेमायला मुदत द्यावी, जाबदाराची हरकत नाही. रोजनाम्यात तेवढी नोंद झाली. बाहेर आल्यावर त्या बाईंनी मलाच विचारलं, आता मी कुठं जाऊ? मी समोरच्या पक्षाचा वकील, मला त्यांना सल्ला देता येत नाही. मी त्यांना तुमच्या आईच्या ज्युनिअरचा नंबर लिहून दिला आणि बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं.

तारीख महिनाअखेरची मिळाली आहे. कपाटातून त्यांची फाईल सगळ्यात आधी शोधा.